गणपतीच्या पायाला लागलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. ओळखत असता तर सांगितलं नसतं — इतकी काही मी धीट नाही.

मला माणसांचा पटकन कंटाळा येतो. खरं तर कंटाळा हा सभ्य शब्द झाला. मी माणसांना तुच्छ लेखते. इंग्लंडात, साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला त्याच चार गाण्यांवर नाचणाऱ्या बायका, 'आम्ही ब्रॅकनेलला घर घेतलं' हे प्रत्येक वाक्यात घुसवणारे आयटीवाले — सगळे माझ्या डोक्यात जातात. मी इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. लोकांकडे वरून बघायची सवय त्यातून लागली असं म्हणता येईल, पण नाही — ती आधीपासूनच होती.

मनीषा तर माझ्या लेखी कुणीच नव्हती. तिची सई माझ्या रेवाच्या वर्गात, यिअर फोरला, दोघी आठ वर्षांच्या. नांदेडकडची माणसं, येऊन दीड वर्ष झालेलं, नवरा म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला. इंग्रजी शब्द जुळवत जुळवत बोलायची आणि ते ऐकताना मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटायचा. शाळेत डिनर लेडीची जागा निघणार होती — दुपारी मुलांच्या जेवणावर लक्ष ठेवायचं काम. ती तिला अगदी मनापासून हवी होती. एखाद्या सहलीला मदतीला ये, शाळेला तुझी ओळख होईल, असं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून ती त्या दिवशी आली. आणि मी? मी मिरवायला आले होते. दुसरं काय?

शाळेच्या बसने तासाभरावर कुण्या लॉर्डची जुनी हवेली, आता तिथे आर्ट म्यूझियम. छताला सोनेरी मुलामा, भिंतींवर त्या घराण्यातल्या लांब नाकाच्या बायका, आणि त्यांच्याहून बरे दिसणारे त्यांचे कुत्रे. बसमध्ये मीच मुलांना बजावलं होतं — कशालाही हात लावायचा नाही, हात पाठीमागे धरून चालायचं. फार सुंदर इंग्रजीत बजावलं होतं.

वरच्या मजल्यावर, जिन्याजवळ काळ्या दगडाचा गणपती होता. काच नाही, कठडा नाही. आपल्याकडच्या कुठल्यातरी देवळातून उचलून आणलेला, आणि पाटीवर लिहिलेलं 'भेट'. मनीषाने बूट काढले. खरंच काढले, म्यूझियममध्ये — आणि लांबूनच हात जोडले. मुलं खिदळली. मला लाज वाटली... लाज नाही, किळस आली. टीचर मुलांना पुढच्या खोलीत घेऊन गेली. मनीषा बूट हातात धरून माझ्या मागे उभी. आणि मी जाता जाता वाकले, गणपतीच्या पायाला बोटं लावली, तीच कपाळाला लावली. का? देवावर माझा विश्वाससुद्धा नाही. लहानपणी परीक्षेला निघताना लागलेली सवय. हात आपोआप गेला.

मूर्तीच्या अलार्मचा कर्कश बीप सुरू झाला. म्हातारा अटेंडंट धावत आला, मागोमाग टीचर. त्यांना काय दिसलं? चांगल्या कोटातली एक बाई, आणि दुसरी मोज्यांवर उभी, बूट हातात. कुणी लावला हात, हे विचारायची गरजच पडली नाही.

"आय नो टच," मनीषा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, सांगा ना त्यांना. मी लांबूनच नमस्कार केला." तिने मला पाहिलं होतं. तरी 'तुम्हीच लावलात' असं ती म्हणाली नाही. टीचरने मला विचारलं, काय म्हणतायत त्या?

सॉरी म्हणतायत, मी सांगितलं. हात लावायचा नसतो हे त्यांना माहीत नव्हतं.

एवढं इंग्रजी तिला कळत होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग खाली बसून बूट घालायला लागली. सई दारात उभी होती.

आता तुम्ही म्हणाल — घाबरली असेल, पटकन तोंडून गेलं असेल. मीही कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगत होते. पण मला जे सांगायचंय ते याच्यापुढचं आहे.

तीन आठवड्यांनी हेडटीचरचा ईमेल आला. मी शाळेच्या पालक समितीवर होते ना. मनीषाने अर्ज केला आहे. सहलीतला प्रकार आम्ही काही फार मनावर घेतलेला नाही. तुम्ही तिला ओळखता, तुमचं मत काय? रविवारची सकाळ होती, समोर कॉफी. कसली घाई नव्हती, कुणाची भीती नव्हती. मला एवढंच दिसत होतं की ही बाई आता रोज शाळेत असणार, आणि हिला माहीत आहे. मी लिहिलं — खूप चांगली आहे, पण इथल्या नियमांची सवय व्हायला तिला अजून वेळ लागेल. मुलांची जबाबदारी इतक्यात नको. दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम बदलला. पाठवलं.

जागा दुसऱ्याच बाईला मिळाली. मनीषा पहाटे उठून ऑफिसं साफ करायला जाते. मंडळाच्या कार्यक्रमात भेटली की विचारते, "बऱ्या आहात ना, ताई?"

मी हो म्हणते.