खंडेनवमीची किल्ली

तिसगावच्या पलीकडच्या माळावर आमची दगडखाण. पंधरा ऊसतोड घरांनी मिळून कंपनी काढली, सगळेच भागधारक, माझा चुलतभाऊ चेअरमन. खाण लागली आणि आमचे कोयते घरी राहिले, पोरींच्या शाळा बुडायच्या थांबल्या. मला खाण म्हणजे एवढंच.

खंडेनवमीला हत्यारं पुजली की आमच्यात दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. पहारी, घण, छिन्न्या चेअरमनच्या घरी पाटावर मांडल्या. खाणीच्या फाटकाची किल्ली, तीही लोखंडाची, म्हणून तिथंच ठेवली. राखण कुणी ठेवलीच नाही. देवाच्या दिवशी कोण येतंय म्हणे! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

दसऱ्याला खाणीवर सोनं वाटायला गेलो, तर आत परक्या ठेकेदाराचा जेसीबी. त्याचा माणूस आमची किल्ली बोटात फिरवत उभा. तिच्यावर कुंकू तसंच होतं.

चेअरमनला गाठलं. म्हणाला, "आक्का, कंपनीचं कंपनी बघंल. तू कशाला जीवाला घोर लावून घेती?"

म्हणजे ज्यानं किल्ली दिली त्यानंच फिर्याद करायची. मग केलीच म्हणायची!

नगरचे वकील म्हणाले, ताबा बेकायदा गेलाय, पण तो कंपनीचा. संचालक गप्प बसले तर एखादा भागधारक कंपनीच्या वतीनं दावा लावू शकतो. बाकी चौदा घरं मान खाली घालून बसली. मी सही केली. एसटीनं तारखांना जायचं आणि हंगामात पुन्हा ऊस तोडायचा, असं चाललं. थोरलीची शाळा त्यातच सुटली, तिचं लग्न उरकलं. धाकटीची मात्र सुटू देणार नव्हते.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कोर्टाच्या पायरीवर बसून मी लई रडले. कोर्टाचा बेलिफ खाणीवर आला, त्यानं ठेकेदाराला बाहेर काढलं, अन् विचारलं, "कंपनीतर्फे कोण?"

चेअरमन पुढं झाला. सही केली, किल्ली खिशात टाकली.

"अहो साहेब, दावा मी लावलाय!" मी ओरडले.

"लावलात बाई, पण कंपनीसाठी. ताबा कंपनीलाच मिळणार."

आठ दिवसांत तोच ठेकेदार परत आला, या वेळी चेअरमनशी रीतसर करार करून. चौदा जणांनी त्यावर सह्या दिल्या. जळो मेलं ते जिंकणं!

यंदा चेअरमनकडून पूजेचं बोलावणं आलं. मी गेले नाही. घरातच पाटावर दोन कोयते पुजले. दसरा झाल्यावर एक मी उचलला, एक धाकटीनं.