आत्याच्या डब्याचा तळ

संगमनेरात माझ्या आत्याच्या घरी एखाद्या भांड्याचा तळ पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. कणगीतलं धान्य पार उपसू नये, मूठभर राखावं, हे तिनं लहानपणी ऐकलं आणि सगळ्या संसाराला लावून टाकलं. पिठाच्या डब्यात जुनं मूठभर असतानाच नवं दळण पडायचं. टोपल्यातली शेवटची भाकरी टोपल्याची. एकदा माझ्या भुकेल्या सासऱ्यांनी त्या भाकरीला हात घातला, तर "थांबा पाव्हनं, दुसरी थापते" म्हणत तिनं पुन्हा तवा तापवला. स्कूटीचा काटा अर्ध्यावर आला की ती थेट पेट्रोल पंप गाठायची. खोकल्याच्या औषधातही तळाला घोटभर राहायचं, त्यामुळे खोकलाही थोडा शिल्लक राहायचा.

लोक चिंगूस म्हणायचे, पण चिंगूस ती नव्हती. नवरा लवकर गेला. दूध संघातल्या नोकरीवर तिनं एकुलत्या एका मुलाचं, निलेशचं इंजिनिअरिंग केलं, लग्न केलं, पहिली मोटारसायकलही घेऊन दिली. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. पेन्शन अगदीच नावाला. फंड आणि ग्रॅच्युइटीची बँकेतली ठेव, तेच तिचं म्हातारपण.

एका रविवारी निलेश पुण्याहून आला. फ्लॅटचं टोकन देऊन बसला होता, बाकीची रक्कम त्याच आठवड्यात भरायची, नाहीतर टोकन बुडणार. त्याला ठेव हवी होती, सगळी. मी नेमका तिथे डिंकाचे लाडू खात बसलेलो. उठावं तर अवघड, बसावं तर त्याहून.

"निम्मी देते," आत्या म्हणाली. "परत नगं करू. पन उरलेली निम्मी मोडायची न्हाई."

"निम्म्यानं काय होतंय, आई? तुला मी सांभाळणारच आहे ना?"

"सांभाळशील रे. पन दर महिन्याला गोळ्यांच्या पैशासाठी तुला फोन करीन, तवा तू बायकोकडं बघशील अन् मी जमिनीकडं. ते मला बघायचं न्हाई."

निलेशचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "परक्यासारखं बोलतेस," म्हणत त्यानं बॅग उचलली. आत्या बधली नाही. त्या क्षणी मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

दारात गाठून तिनं त्याच्यासमोर लाडवांचा डबा उघडला. माझ्या कृपेनं एकच उरला होता. तो तिनं त्याच्या हातावर ठेवला. तिच्या घरातल्या डब्याचा तळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

निलेशलाही ते कळलं. तो लाडवाकडे बघत उभाच राहिला. मग त्यानं लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा डब्यात ठेवून झाकण लावलं.

"निम्म्यातच बसवतो," तो म्हणाला. "बिल्डरला म्हणतो, लहान फ्लॅट दे."

तो गेला तशी आत्या डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. मला वाटलं, हा अर्धा लाडू आता वर्षभर तळाला राहणार. पण संध्याकाळी निलेशचा पोचल्याचा फोन आला आणि तिनं तो अर्धा लाडू काढून सावकाश खाल्ला. डोळे पुसत, शेवटच्या कणापर्यंत.