एका कामाला एकच कौल

आप्पा गुरवाचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षं नवलाईच्या देवळात कौल लावायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भावकीतली भांडणं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. आणि एका कामाला एकच कौल. कोणी फार गयावया केली तर आप्पा खेकसायचा, देवी काय बाजारात बसल्येय घासाघीस करायला?

घरी मात्र हाच आप्पा निराळा. त्याच्या बायकोने, गोदाने, सरकारी शिबिरातून एक मधपेटी आणली आणि आठ वर्षांत परसातल्या काजूखाली सातेरी माश्यांच्या सात पेट्या केल्या. तेव्हा आप्पा हसायचा. मग गोदा तापाने चार दिवसांत गेली, आणि हा रोज सकाळी चहाचा कप घेऊन पेट्यांपाशी बसायला लागला. माश्यांशी बोलतो म्हणून लोक कुजबुजायचे. बोलेना का! त्या ओस घरात बोलायला दुसरं होतं कोण?

यंदा भाद्रपद सरला आणि गांधीलमाश्या आल्या. बोटाच्या पेराएवढी एकेक. पेटीच्या दारासमोर तरंगत राहायची, रानातून परतणारी मधमाशी हवेतच धरायची, मुंडकं तोडून धड घेऊन जायची. आप्पाने दारांना पट्ट्या ठोकल्या, मधमाशी जेमतेम शिरेल एवढीच फट ठेवली. डास मारायची बॅट घेऊन उन्हं उतरेपर्यंत बसून राहिला. आज पन्नास मारल्या तर उद्या साठ हजर. एकदा दारातच एकीला मधमाश्यांनी घेरलं आणि अंगाच्या उबेने भाजून मारलं, तेव्हा तो पोरासारखा हरखला. पण गोळा सुटला तेव्हा त्यांच्यातल्याही वीसेक मेलेल्या होत्या. पुढे मधमाश्या भिऊन बाहेरच पडेनात. दोन पेट्यांतल्या उपासमारीने घर सोडून गेल्या. पाच उरल्या, त्यात गोदाची पहिली पेटी.

आता गांधीलमाश्यांचं पोळंच जाळायला हवं होतं. ते होतं देवराईत, किंजळाच्या झाडावर, मडक्याएवढं. आणि देवराईतली काडी मोडायची तरी कौल लागतो.

खरी गोम इथेच होती. गेल्या साली त्याच किंजळावर असंच पोळं होतं. खालच्या वाडीतला शिवा म्हणाला जाळूया, आई रोज त्याच झाडाखालच्या पाखाडीच्या पायऱ्यांनी पाण्याला जाते. कौल डावा पडला. शिवाने पाय धरले, परत एकदा विचारा म्हणाला. आप्पाने त्याला ते बाजाराचंच सुनावलं. पंधरा दिवसांनी शिवाची आई, मैना, पाखाडीच्या पायरीवर पडलेली सापडली. डंखांनी तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. रत्नागिरीला नेईपर्यंत जीव राहिला नाही. गाव म्हणालं, देवीची इच्छा. आप्पाही तेच म्हणाला.

आणि आता हा आप्पा, उजाडता उजाडता, मानकऱ्यांना न बोलावता एकटा देवळात गेला. गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. डावी पडली.  मग चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पाकळी उचलून पुन्हा भिजवली. पुन्हा डावीच पडली. तिसऱ्या खेपेला त्याने उजवी पाकळी नीट भिजवलीच नाही. आपण काय करतोय ते त्याला कळत होतं, मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, तरी हात थांबला नाही. उजवी पडली.

तिन्हीसांजेला लांब बांबूला चूड बांधून त्याने पोळं पेटवलं. हातावर तीन डंख बसले, ते त्याला जाणवलेही नाहीत. धूर बघून शिवा वर आला. झाडाखाली जळक्या गांधीलमाश्यांचा सडा पडला होता.

"देवीनं कौल दिलान?" त्याने विचारलं.

"दिलान."

"कितव्या खेपेला?"

खोटं सांगता आलं असतं. देवळात बघायला होतं कोण? पण इतक्या वर्षांची खोड, आप्पाच्या तोंडून खरंच निघालं. "तिसऱ्या."

शिवा भांडला नाही. 

"माज्या आयशीसाठी तुमी येकदाच इचारलंत, आप्पा," म्हणाला आणि पाखाडी उतरून गेला.

दोन दिवसांत मधमाश्या पुन्हा रानात जायला लागल्या. पाचही पेट्या वाचल्या. सोमवारी कोणी विहिरीचा कौल मागायला आलं. आप्पाने पाकळ्या भिजवल्या, देवीच्या खांद्यापर्यंत हात नेला, आणि तो तिथेच थांबला. माणसं वाट बघत होती. पाकळ्या तळहातावरच सुकल्या. त्याच दिवशी देवळाची किल्ली त्याने पुतण्याच्या हातात दिली, ती परत मागितली नाही.

पेट्यांपाशी तो अजून रोज बसतो. बोलत मात्र नाही.