गोदा सिस्टरांचा प्रश्न

गोदा सिस्टर कुणालाच “कशी आहेस?” असे विचारत नसत. जिन्यात भेटल्या की त्यांचा एकच प्रश्न असे, “काय खाल्लं?” तुमचे आजोबा एकदा गमतीने म्हणाले, सिस्टर, तुम्ही नर्स आहात की खानावळवाल्या? त्यावर त्या म्हणाल्या, “बरं हाय म्हणून कुणीबी थाप मारतंय, सर. काय खाल्लं म्हणलं की माणूस सापडतंय.”

बाळांनो, तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. त्या मूळच्या शिरूर अनंतपाळच्या. इथे नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर होत्या आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. बांधा ठेंगणा, चालणे झपाझप, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला निघालेली रिक्षा थांबावी. कोरोनात त्यांच्याकडे कोविड वॉर्ड आला, आणि जिन्यातला प्रश्न त्यांनी वॉर्डाचा नियम करून टाकला.

पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटची माहिती देते. त्याला दवाखान्यात ‘ओव्हर देणे’ म्हणतात. गोदा सिस्टरांच्या वॉर्डात पेशंटचा ओव्हर संपला तरी घरी जायची मुभा नसे. “आता तुझा दे,” असे त्या म्हणत. मग काय खाल्ले, झोप लागली का, रडू आले का, हे प्रत्येकीने सांगायचे. मुली आधी हसत. पुढे सिस्टरांनी विचारायचीही वाट पाहीनाशा झाल्या.

त्यांच्यात इस्लापूरची सुनीता होती, नोकरीला नवीन. ती रोज एकच उत्तर देई, वरण-भात. सिस्टरांनी थोडे दिवस ऐकून घेतले आणि मग तिला बाजूला नेऊन विचारले, “रोज वरण-भात? भाजी कुटं गेली?” पोरीचा बांध फुटला. ती जेवतच नव्हती. तिने सांभाळलेले पेशंट लागोपाठ गेले होते. घरात कमावणारी ती एकटी, तरी तिने नोकरी सोडायचे ठरवले होते.

“सोड की,” सिस्टर म्हणाल्या. “पण उपाशीपोटी सोडू नको. जेव, झोप, मग ठरव.”

त्यांनी मेट्रनबाईंकडे तिची बदली लसीकरणाला मागितली. एक भ्याली म्हणून हलवली तर उद्या सगळ्या मागतील, असे बाईंचे म्हणणे. “भ्यालेली न्हाई ती, थकलेली हाय,” सिस्टर म्हणाल्या. “आन् सगळ्यांनी मागितलं तर पाळीपाळीनं देऊ.” बदली झाली.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला मात्र सुनीता तयार होईना. तिथल्या बाहेरच्या बाकावर बसलेले कुणी पाहिले तर लग्न जमायचे नाही, ही भीती. मग सिस्टर स्वतःच आधी जाऊन तिथे बसल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. सुनीता दारात दिसताच म्हणाल्या, “मी बी डॉक्टरला दाखवायलेय. ये, नंबर लाव.” ते सोंग नव्हते. मला नंतर त्यांनीच सांगितले, “मलाबी लई दिवस झोप न्हवती, मॅडम.”

सुनीता पुढे आपण होऊन वॉर्डात परतली. आज ती नव्या मुलींचा ओव्हर घेते, दोन्ही प्रकारचा.

सिस्टर निवृत्त होऊन शिरूरला गेल्या. मागच्या वर्षी तुमचे आजोबा गेले. येणारा जाणारा मला धीराची म्हणत होता. मी वेळेवर उठत होते, घर जागच्या जागी ठेवत होते. एका दुपारी फोन वाजला.

“काय खाल्लं, मॅडम?”

“वरण-भात.”

“आन् काल?”

“वरण-भातच.”

“फोन ठिवू नका,” त्या म्हणाल्या. “घरात भाजी कोणती हाय?”

दोडके होते. मी चिरायला घेतले, आणि चिरता चिरता आजोबा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडले. सिस्टर पलीकडे होत्या. भाजी फोडणीला पडल्याचा आवाज आल्यावरच त्यांनी फोन ठेवला.

म्हणून रविवारच्या फोनवर मी विचारते तेव्हा ‘ऑल गुड’ म्हणून सुटू नका. काय खाल्ले ते सांगा, भाजीसकट.