मामाचे कान चांगले होते

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या मुलांना प्रयोगशाळेत लंबक दाखवत होतो. फोन कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तासावर असताना फोन घ्यायचा नाही ही माझी शिस्त, आणि त्या शिस्तीचा मला फार अभिमान. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडूनच उचलला. "तासावर हाय गं, बोल लवकर." पलीकडून ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, पप्पा उठून न्हाई राहिले..." प्रज्ञा माझी मामेबहीण, औंढ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. माणूस उठत नाही म्हणजे काय झालंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी तिनं तेवढंच सांगितलं. वसमतहून शिरड शहापूर काही लांब नाही, पण मी पोचेपर्यंत अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. शेजारी हळद शिजवत होते, त्यांनी जाळ विझवला होता. यशवंतमामा कॉटवर नेहमीसारखे उजव्या कुशीवर झोपले होते.

याला आता सव्वा महिना झाला. पेपरच्या या पुरवणीच्या संपादकांनी "मामांवर लिहा, चांगला माणूस होता" असं म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. चांगल्या माणसावर लिहायला काय जातं! पण लिहायला बसलो आणि कळलं, की जे लिहायचं आहे ते मामांच्या चांगुलपणाबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

मामा सिद्धेश्वर धरणावर वायरमन होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या क्वार्टरवर राहायला जायचो. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर खोचलेला हा माणूस मला मीटर उघडून दाखवायचा, तारांचे रंग पाठ करायला लावायचा. मी पुढे भौतिकशास्त्र शिकलो, कॉलेजात शिकवायला लागलो, ते त्या टेस्टरमुळे. मामांना त्याचं इतकं कौतुक, की फ्यूज उडाला तरी मला फोन करून विचारायचे, "तुझं फिजिक्स काय म्हणतंय?" त्यांना सगळं येत असे. मला मोठं करायचं म्हणून विचारायचे. मला मात्र हळूहळू खरंच वाटायला लागलं, की मामांना काही कळत नाही.

रत्नामामी सात वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचे फोटो आहेत घरात. आवाज कुठेच नव्हता. तेव्हा घरात साधा बटणांचा फोन होता आणि आपल्या माणसाचा आवाज साठवून ठेवावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकच जागा होती. लग्नाआधी मामी वसमतच्या एका गायन पार्टीत होत्या. जयंतीला गावोगाव फिरणारी पार्टी. तिची एक कॅसेट निघाली होती. वर मुख्य गायकाचं नाव, आत कोरसमध्ये आठ बाया, एकीचंही नाव नाही. त्या आठांत मामी. घरातली कॅसेट टेपरेकॉर्डरनं कधीच चावून टाकली होती. मामी गेल्यावर मामांनी ती कॅसेट कुठे कुठे शोधली ते सांगायला बसलो तर पान पुरणार नाही. नांदेडच्या भंगार बाजारात ते दिवस-दिवस बसत.

आणि मग दोन वर्षांपूर्वी गावच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली. ती कॅसेट आता मोबाइलवर आली होती! मामांनी फोन कानाला लावून ऐकली. कोरस आला, पण सगळ्या आवाजांची खिचडी. आठजणी आहेत एवढं कळायचं, त्यातली आपली कोणती ते कळायचं नाही. "हाय रे ती ह्यात," ते मला म्हणाले, "पण दिसून नाही राहिली." ऐकू येत नाही असं नाही म्हणाले... दिसत नाही म्हणाले.

तिथून ते स्टिरिओच्या मागे लागले. नांदेडच्या एका डॉक्टरांनी घर विकताना काढलेला अ‍ॅम्प्लिफायर आणला, स्पीकर आणले, त्यांची लाकडी खोकी सुताराकडून नवी करून घेतली. मोबाइलमधलं गाणं अ‍ॅम्प्लिफायरला नीट पोचवणारा तळहाताएवढा डबा मागवला. पुढच्या खोलीत दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर खुर्ची ठेवली, तीही टेपनं मोजून. राहिला प्रश्न अ‍ॅपचा. फुकटच्या अ‍ॅपवर गाणं दाबून पातळ केलेलं असतं, भारी आवाजाचं अ‍ॅप वेगळं घ्यावं लागतं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. अशा दोनच अ‍ॅपवर ती कॅसेट होती. वही घेऊन ते माझ्याकडे वसमतला आले. "तू फिजिक्सचा माणूस. कोणतं घेऊ, सांग."

मी पाच मिनिटांत निकाल दिला. एकावर आवाजाच्या दर्जाचा आकडा लिहिला होता चोवीस बिट, दुसऱ्यावर सोळा. "चोवीसवालं घ्या."

"दोन्ही ऐकून बघू की. पहिला महिना फुकट हाय म्हणं."

"मामा, ऐकायचं काय त्यात? कॅसेटवाली कंपनी एकच गाणं सगळ्या अ‍ॅपना देत असते. मग ज्याचा आकडा मोठा ते घ्यायचं. साधा हिशोब हाय."

"बराबर," मामा म्हणाले आणि वही मिटली.

पहिल्यांदा लावलं त्या दिवशी मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी चेष्टा केली, "मामीला बघायला चाललात का?" ते लाजले. खरंच लाजले. मग खुर्चीत बसून डोळे मिटले. आवाज स्वच्छ होता, खरखर नावाला नव्हती. मी खूश होतो. तिसऱ्या कडव्यानंतर कोरस आला, गेला. मामांनी डोळे उघडले. "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. सहा वेळा लावलं. शेवटी ते मान हलवून म्हणाले, "न्हाई रे. सगळ्या एका जागी चिकटून बसल्यात."

त्यानंतर कितीतरी महिने हेच चाललं. खुर्ची हातभर पुढे, हातभर मागे. वायरी बदलल्या. भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीला पोतं लावलं. प्रज्ञा म्हणायची, घरात पाहुणा आला तर त्याला वाटेल आम्ही कुणाला कोंडून ठेवलंय. दर दोन-चार दिवसांनी मामांचा फोन. दर वेळी शेवटी तेच, अगदी भीतभीत, "ते दुसरं लावून बघू का रे एकदा?" मी दर वेळी उडवून लावायचो. आणि एकदा, कंटाळून, वर्गात ढ पोराला सांगावं तसं सांगून टाकलं, "मामा, पासष्टी उलटली तुमची. या वयात बारीक आवाज ऐकू येत नसतात. दोष अ‍ॅपचा न्हाई, कानाचा हाय तुमच्या."

ते एवढंच म्हणाले, "असंल बाबा."

पुढच्या आठवड्यात ते एसटीनं एकटेच नांदेडला गेले आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवून आले. मला फोन केला. "मशीन लावून बघितलं डॉक्टरनं. म्हणला, कान एकदम चांगले हायत तुमचे, या वयात इतके कुणाचे नसतात." मी पेपर तपासत होतो. अरे वा, म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "मग मला काहून ऐकू येऊन नाही राहिलं रे?" आयुष्यभर मुलांना सांगत आलोय, की निरीक्षण आणि सिद्धांत जुळत नसेल तर सिद्धांत तपासा. मी म्हणालो, "बघू रविवारी." तो मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी मामा उठले नाहीत.

जलदानविधी झाल्यावर दोन दिवसांनी प्रज्ञा म्हणाली, "दादा, ते गाण्याचं बंद करून टाक, मेसेज येतेत सारखे." मामांचा फोन घेऊन मी पुढच्या खोलीत बसलो. मेसेजच्या यादीत दुसऱ्या अ‍ॅपचे चार मेसेज दिसले, गुरुवार सकाळचे. खातं उघडायचा कोड. एक, मग दुसरा, तिसरा, चौथा. मामा चष्मा लावून एकेक आकडा टाकेपर्यंत कोडची मुदत संपत असणार. चौथ्या कोडनंतर पाच मिनिटांनी त्यांनी मला फोन केलेला होता. मी तासावर होतो. कट केला होता. परत केला नाही... विसरलो, असं आजवर स्वतःला सांगत होतो. खरं तर टाळला होता.

मी खातं उघडायला घेतलं. या नंबरचं खातं नाही, असं आलं. म्हणजे मामा आत पोचलेच नव्हते. नवीन उघडलं, कोड टाकला, अर्ध्या मिनिटाचं काम. ती कॅसेट शोधली आणि स्टिरिओवर लावली.

गाणं दोन्ही बाजूंना उघडलं. ढोलकी उजवीकडे, पेटी मध्ये, कोरस डावीकडे पसरलेला. हे मूळ टेपवरून घेतलेलं होतं, खरखरीसकट. मी निवडलेल्यात कुणीतरी डावं-उजवं एकत्र कालवून, घासूनपुसून एक केलं होतं आणि त्यावर चोवीसचा शिक्का मारला होता. तिसरं कडवं संपलं. आठ बाया उठल्या, आणि त्यातली एक सगळ्यांच्या किंचित आधी. मामी! मामींना घाईच फार. पाणी मागायच्या आत तांब्या पुढे करायच्या. मला मामांसारखा कान नाही, गाण्यातलं काही कळत नाही, तरी पहिल्या झटक्यात ओळखू आल्या.

प्रज्ञा पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच खाली बसली. "आई हाय ही... दादा, आई हाय." गाणं संपेपर्यंत ती हललीसुद्धा नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पानं ऐकलं होतं का हे?"

मी म्हणालो, "व्हय. गुरुवारीच ऐकलं. मीच लावून दिलं फोनवरून."

ती इतकी रडली, आणि रडता रडता हसली. तिनं ते सगळ्या भावकीत सांगितलं. माझ्या आईनं, मामांच्या सख्ख्या बहिणीनं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "लेकरा, माझ्या भावाची शेवटची इच्छा पुरी केलीस." लोक मला भेटून सांगतात, भाचा असावा तर असा. मी मान खाली घालतो, त्याला ते विनय समजतात. जेवण जात नाही. वर्गात फोन थरथरला की बोलणं तुटतं. काय करावं ते मला खरंच कळत नाही.

प्रज्ञा रोज ड्यूटीवरून आली की ते गाणं लावते. स्वतः खाली सतरंजीवर बसते. त्या खुर्चीत कुणाला बसू देत नाही. परवा मी चुकून टेकलो तर म्हणाली, "तिथं नको दादा, पप्पा ऐकायलेत."

प्रज्ञा, तू ही पुरवणी वाचतेस. पप्पांनी ते ऐकलं नव्हतं गं. त्या सकाळी त्यांनी मला फोन केला होता आणि मी उचलला नाही. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहिलं. पेपर तुझ्याकडे आठला येतो. मी नऊच्या गाडीनं शिरडला उतरतोय. दार लावून घेतलंस तरी मी बाहेर ओट्यावर बसून राहीन.