दिवेमामांचं लाल बटण

नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीत, पार छताला टेकलेली, एक काचेची खोली आहे. लोखंडी शिडीच्या सतरा पायऱ्या चढायच्या आणि सतरावीला मान वाकवायची. नवखा माणूस तिथे हमखास टेंगूळ कमावतो. या खोलीत दिवेमामांनी एकतीस वर्षं काढली. खाली राजा कोण नि भिकारी कोण, ते त्यांच्या बोटांवर ठरायचं. टाळ्यांना मात्र वरची शिडी कधी सापडली नाही.

शेवटची वीस वर्षं सोबत होती ती एका जुन्या कॉम्प्युटरची. मामांसारखाच हट्टी, पण ओळखीचा. दिवे आणि गाणी दोन्ही त्याच्यावर, आणि एक अडलं की दुसरंही गळपटायचं. मग मामा भिंतीवरचं लाल बटण बंद करून पुन्हा सुरू करायचे. दीड मिनिट अंधार. बटणाशेजारी त्यांनी पुठ्ठ्याचा बाण चिकटवला होता: ‘अडलं की हे.’

व्यवस्थापकांनी नवा कॉम्प्युटर घेतला, आणि तो बसवायला आली ती मामांची सूनच. तिचा धंदाच तो. घरचं माणूस, म्हणजे धड रागवायचीही पंचाईत.

“ऑपरेटिंग सिस्टीम आधुनिक आहे, बाबा.”

“म्हणजे चित्रं चकचकीत.”

“चित्रांचं सोडा. तुमच्या जुन्यात सगळे प्रोग्राम एकाच खोलीत राहायचे. एकाने पसारा केला की दुसऱ्याचा पाय त्यात अडकायचा. इथे प्रत्येकाला वेगळी खोली, आणि परवानगीशिवाय कुणी कुणाकडे शिरायचं नाही. दुसरं म्हणजे पाळी. जुन्यात ज्याची पाळी असेल त्याने आपणहून थांबायचं. तो थांबलाच नाही, तर बाकीचे ताटकळत.”

मामा खुदकन हसले. “आमच्याकडे एक राजा होता. मरताना टाळ्या पडायच्या, म्हणून बारा-बारा मिनिटं मरायचा. सेनापती विंगेत उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा.”

“बरोब्बर! नवी सिस्टीम त्या राजाला सांगते, महाराज, पाळी संपली. सेनापतींना येऊ द्या, मग पुन्हा मरा.”

मामांना पटलं, म्हणूनच ते जास्त चिडले. खाली जाऊन व्यवस्थापकांना म्हणाले, “पहिल्या प्रयोगात रंगमंच एकदा जरी अंधारात गेला, तर माझा जुना परत आणायचा. नाही गेला, तर मी शिडी उतरतो. एवढं शहाणं यंत्र असेल, तर म्हातारा कशाला पोसायचा?”

“कबूल,” व्यवस्थापक म्हणाले. वाद घालायला त्यांना वेळ नव्हता.

रविवार दुपारचा प्रयोग. दुसऱ्या अंकात संध्याकाळ होते: चार मिनिटं उजेड हळूहळू उतरतो, आणि त्यात नायिका एका गाण्यावर एकटीच नाचते. गाणं सुरू झालं, दुसऱ्या ओळीला आलं आणि एकाच अक्षरावर कण्हत राहिलं. मग तेही गप्प.

मामांचा हात विचाराच्या आधी निघाला. वीस वर्षांची सवय; बोट लाल बटणावर टेकलंसुद्धा.

कानातल्या यंत्रात सुनेचा आवाज आला. ती विंगेत उभी होती. “बाबा, बटण नको! आधी समोर बघा.”

त्यांनी पाहिलं. संध्याकाळ चाललीच होती. भगवा उजेड नायिकेच्या खांद्यावरून ओसरत होता, मागे निळा भरत होता. गाणं आडवं पडलंय हे दिव्यांच्या गावीही नव्हतं. नायिका स्तब्ध उभी होती, आणि शांतता नाटकातलीच समजून प्रेक्षक श्वास रोखून बसले होते.

बोट अजून बटणावरच होतं. दाबलं असतं तर जुना परत, खोली परत, आणि कुणी दोष दिला नसता. म्हाताऱ्याची सवय, म्हणाले असते.

मामांनी बोट उचललं. सुनेने दाखवली होती तशी चालू प्रोग्रामांची यादी उघडली, अडकलेल्या गाण्याचा प्रोग्राम तेवढा बंद केला, पुन्हा लावला, आणि नायिकेने मान वळवायची वाट पाहून त्याच ओळीवर गाणं सोडलं. हळू, जणू ते लांबून येतंय.

प्रयोगानंतर व्यवस्थापक धापा टाकत वर आले. सतराव्या पायरीला डोकं आपटलं. मामा विजेरी, चष्म्याचं घर, थर्मास पिशवीत भरत होते.

“हे काय?”

“रंगमंच अंधारात गेला नाही. शब्द दिलाय मी.”

“गाणं पडलं होतं ना? मग उचललं कुणी? यंत्राने?”

“यंत्राने बाकीच्यांना पडू दिलं नाही.”

“तेवढंच त्याचं काम. नायिका मान वळवेपर्यंत थांबायचं, हे त्याला कुणी सांगितलं?” व्यवस्थापक टेंगूळ चोळत म्हणाले. “उद्या पाचला तालीम आहे. आणि त्या पायरीवर एक दिवा लावा हो, एवढी वर्षं सांगतोय.”

मागोमाग सून चढून आली. “बाबा, बोट बटणावर होतं ना?”

“होतं.”

“मग?”

“राजा मरत पडला होता,” मामा म्हणाले, “पण सेनापती केव्हाच येऊन उभा होता गं.”

त्यांनी पिशवीतून थर्मास बाहेर काढून जागेवर ठेवला. मग पुठ्ठ्याचा बाण नखाने सोडवला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूला जाड अक्षरांत लिहिलं: ‘आधी समोर बघा.’