तीन हद्दींच्या कडेवरचे गाव

ते प्रकरण पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही मनातून गेलेले नाही. उन्हाळी धानाचा हंगाम होता आणि शेतांतल्या पाण्याच्या मोटरी चोरीला जात होत्या. मोटर गेली की पाणी बंद, आणि आठवड्यात बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, भेगा.

खबऱ्याने वरठीच्या एका जुन्या चोराचे नाव दिले. तो आता पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे मजुरी करीत होता. चौकशीला बोलावले. हवालदाराने अटकेची तयारी ठेवलीच होती. तो मजूर शांतपणे म्हणाला, "साहेब, चोर होतो, नाही म्हणत नाही. पण आता कामाले लागलो. तुम्ही मले आत टाकलं तं ठेकेदार उद्याच दुसरा माणूस लावते. मंग मी काय करू, पुन्हा चोरीच?"

खबरीशिवाय हाती काही नव्हते. मी त्याला घरी पाठवले.

मग आमच्या हद्दीतल्या चोऱ्या नकाशावर लाल टिकल्यांनी लावल्या. सगळ्या टिकल्या हद्दीच्या एकाच कडेला आल्या. शेजारच्या दोन ठाण्यांत विचारले. तिकडेही मोजक्याच चोऱ्या, म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. तिन्ही नकाशे टेबलावर जोडले, तेव्हा टिकल्यांचे कडे दिसले. मधोमध एक गाव, त्यात एकही टिकली नाही. वरठी तिथून बरीच लांब.

नकाशा पुरावा नसतो. कुठे शोधायचे एवढेच तो सांगतो. त्या गावाच्या फाट्यावर मोटर दुरुस्तीचे दुकान होते. तिन्ही हद्दींतले शेतकरी जळालेल्या मोटरी तिथेच आणत. कोणाची मोटर कुठे बसवली आहे, हे मिस्त्रीला घरबसल्या कळे. पंचांसमक्ष झडती घेतली. कोंड्याच्या पोत्यांखाली तांब्याची तार आणि चोरीच्या मोटरींच्या नंबरपट्ट्या सापडल्या.

तरी मिस्त्री 'भंगारात घेतल्या' म्हणत हसत होता. मी नकाशा पुढे सरकवला. "तुझ्या गावातली एकही मोटर गेली नाही. काहून?"

नकाशातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून तो म्हणाला, "गावात कायले करू, साहेब? उद्या त्याच पंगतीत बसा लागते."

"मंग बाकीचे का पंगतीबाहेरचे होते?" हवालदार म्हणाला. मिस्त्रीने मान खाली घातली आणि सगळे कबूल केले.

पुढे मासिक गुन्हे बैठकीत शेजारी ठाण्यांचे नकाशे जोडून पाहण्याची पद्धत मी पाडली. हद्द आपल्या कामासाठी असते; चोराला ती आडोसा म्हणून चालते. गुन्हा उघडकीस आणल्याचा अभिमान आहेच. पण वरठीच्या त्या माणसाची कारखान्यातली एकही पाळी बुडू दिली नाही, याचा अधिक आहे.